क्रँक सेन्सर आणि खारा वारा

क्रँक सेन्सर हा इंजिनाचा जेमतेम बोटभर लांबीचा भाग. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीसमोर तो बसवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत या चकतीवर 60 दात्यांची जागा आखून 58 दातेच ठेवलेले असतात. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून सरकली की क्रँक कोणत्या कोनात आहे हे ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळते, आणि पेट्रोल कधी फवारायचे, ठिणगी कधी पाडायची ते ठरते. हा संदेश तुटला की बहुतेक गाड्या जागीच बंद पडतात.

बिघाडाची रीत ओळखीची आहे. थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, मांडव्याहून अलिबागपर्यंत सुरळीत येते. तिथे पंपावर पाच मिनिटे बंद केली की स्टार्टर नुसता फिरत राहतो. अर्ध्या तासाने तीच गाडी काही झालेच नाही अशी सुरू होऊन चौलला पोचते. सेन्सरमधली केसासारखी तार तापली की तिचा जोड सुटतो, निवली की पुन्हा जुळतो. स्कॅनरवर अशा वेळी बहुधा पी0335 हा कोड दिसतो.

मात्र हा कोड सेन्सरचा नसून त्याच्या सर्किटचा आहे, आणि घाईने नवा सेन्सर आणणारे इथेच फसतात. चौल-रेवदंड्याच्या खाऱ्या वाऱ्यात कपलरच्या पिना हिरव्या पडतात. नारळ-पोफळीच्या वाडीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. म्हणून आधी वायर आणि कपलर पाहावेत. दोन वायरींचा सेन्सर मल्टिमीटरने थंड आणि गरम असा दोन्ही वेळा मोजावा. गरम असताना रीडिंगच येत नसेल, तर दोष सेन्सरचाच. तीन वायरींचा हॉल सेन्सर असा मोजून कळत नाही. तिथे स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहतो का, हे पाहावे.

अनेक गाड्यांत हा सेन्सर इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या जोडाजवळ असतो. वरून हात पोचत नाही, खालून दिसत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. सेन्सर खालून गाठायचा असेल तर सपाट, कडक जमिनीवर चाकांना दगड लावून गाडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. जांभ्याच्या चिऱ्यांची चळतही स्टँडचे काम करत नाही. एअर फिल्टरचा डबा काढला तर पुष्कळ गाड्यांत वरूनच वाट होते. मोबाइलने आतला फोटो काढला की बोल्ट नेमका कुठे आहे ते समजते.

बोल्ट बहुधा एकच, 10च्या गोटीचा. खरी कसोटी इथे आहे. लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे घर यांच्यामध्ये खारट ओल शिरली की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवावा. लांब एक्स्टेन्शन लावून बोल्ट आधी किंचित आवळावा, मग सोडवावा, पुन्हा थोडा आवळावा. सरळ जोर केला की डोके तुटते, आणि तेवढ्या अडचणीत ड्रिल चालवणे गॅरेजवाल्यालाही नको असते. बोल्ट निघाला तरी सेन्सर लगेच सुटत नाही. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. डावी-उजवीकडे फिरवत ओढावा. प्लास्टिकचे टोक आत तुटले तर क्वचित गिअरबॉक्स उतरवायची पाळी येते.

नवा सेन्सर जुन्याशी पार्ट नंबरने जुळवून घ्यावा. तो बसण्याची जागा कापडाने पुसावी, ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट फिरवावे आणि सेन्सर हाताने पूर्ण दाबून बसवावा. बोल्टने ओढून बसवायला गेल्यास सेन्सरचा बोल्टचा कान तुटतो. टोक आणि दाते यांच्यातले अंतर साधारण 1 मिलिमीटर असते, त्यामुळे खाली अडकलेला गंजाचा पोपडाही संदेश बिघडवू शकतो. बोल्ट बेताने आवळावा, वायर जुन्याच क्लिपांत अडकवावी. सायलेन्सरच्या पाइपला टेकलेली वायर महिनाभरही टिकत नाही. कपलरच्या रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस लावले की खारट ओल आत शिरत नाही.

शेवटी कोड पुसायचा. काही गाड्यांत स्कॅनरनेच नव्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते. ते काम अलिबागच्या गॅरेजात होते. त्यानंतर गाडी चांगली तापेपर्यंत चालवून, बंद करून, लगेच सेल्फ मारून पाहावा. थंड इंजिनावरची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण थंड असताना ती आधीही सुरू होतच होती.