शेवटचा हप्ता

परवा खालच्या काकू वर आल्या. "अरे, आमच्या बेडरूमचं छत ओलं झालंय." झालं! तीनच महिन्यांपूर्वी आम्ही बाथरूम फोडून नवीन केलं होतं. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, तर साहेब म्हणतात, "सर, ते जुनं लीकेज असणार."

चूक त्याची आहेच, पण थोडी माझीही. ऑफिसात टेस्टिंगशिवाय एक ओळ कोड पुढे जाऊ देत नाही मी. इथे मात्र वॉटरप्रूफिंगनंतर, टाइल्स बसवण्याआधी, दिवस-दोन दिवस पाणी तुंबवून बघायचं असतं हे माहीत असूनही त्याच्या "गरज नाही सर"वर मान डोलावली. वर पूर्ण पैसेही देऊन टाकले!

बिल्डरच्या कामातल्या दोषांसाठी २०१६ च्या रेरा कायद्यात ताब्यापासून ५ वर्षं मिळतात. आपण लावलेल्या कॉन्ट्रॅक्टरसाठी मात्र ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी नाही, पण पुरावा लागतो. माझ्याकडे आहेत फोटो आणि बँकेच्या नोंदी. बाकी सगळं तोंडी.

तक्रार करणार आहेच. पण काकूंचं छत आधी माझ्या खर्चाने. त्यांनी काय पाप केलंय?

तेव्हा मंडळी, सगळं लेखी घ्या. आणि खालचं छत कोरडं दिसेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.