घरातलं माणूस जेलमध्ये आहे. बाहेरच्यांनी नेमकं काय करायचं?

आर्थर रोड असो, येरवडा असो की नागपूर, मुलाकातीच्या दिवशी कारागृहाच्या दाराशी लागणारी रांग सारखीच असते. कुणाची आई, कुणाची बायको, कडेवर मूल. हातात आधार कार्डाची झेरॉक्स आणि पिशवीत डबा. हा डबा आत जाणार नाही, हे अनेकींना तिथे पोहोचल्यावरच कळतं.

एनसीआरबीच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांमध्ये ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार न्यायाधीन, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. आपण ज्यांना 'कच्चे कैदी' म्हणतो ते. शिक्षा झालेली नाही, पण कुटुंबाची शिक्षा सुरू झालेली असते, आणि ती कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंदली जात नाही.

पहिले काही दिवस: नंबर आणि वकील

अटक झाली की पोलिसांनी नातेवाईक किंवा मित्राला कळवणं बंधनकारक आहे आणि २४ तासांत आरोपीला न्यायालयात हजर करणंही. पण एक साधी अडचण कुणी सांगत नाही. फोन जप्त होतो आणि आपल्यातल्या बहुतेकांना स्वतःचा सोडून एकही नंबर पाठ नसतो. इंजिनिअरिंगला असताना आम्हाला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' शिकवलं होतं. त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. पहिल्या तारखेला कोर्टात भेट झाली, तर कागदावर तीन नंबर लिहून द्या: घरचा, वकिलाचा आणि एका शेजाऱ्याचा. कारागृहातून फोन करायची सोय असते, पण नोंदवलेल्या नंबरवरच.

वकिलाचे पैसे नसतील तर सावकाराकडे जाण्याआधी जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. १९८७ च्या कायद्यानुसार कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन आहे १५१००. आणि कारागृहाच्या फाटकाबाहेर 'आत ओळख आहे, सेटिंग करून देतो' म्हणणारा भेटला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

भेट: घरून करायची की जाऊन?

'ई-मुलाकात' ही सोय राष्ट्रीय कारागृह पोर्टलवर आहे. व्हिडिओ कॉलवरची भेट किंवा प्रत्यक्ष भेटीची वेळ, दोन्ही तिथे मागता येतात. बंद्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव कारागृहाच्या नोंदीत आहे तसंच टाका. स्पेलिंग वेगळं झालं तर अडतं. हा फॉर्म माझ्यासारख्याला पाच मिनिटांचा आहे. साठीतल्या, बटणाचा फोन वापरणाऱ्या आईला तो भिंतीसारखा वाटतो. प्रत्येक कारागृहाबाहेर हा फॉर्म भरून देणारी एक खिडकी आणि मराठीतला एक ठळक फलक, एवढंही आपल्याला का जमू नये? त्याला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

भेटीचे वार कारागृहागणिक वेगळे असतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. मधे काच किंवा जाळी असते, बोलणं इंटरकॉमवर आणि वेळ काही मिनिटांचीच. पहिली भेट बहुतेक रडण्यातच जाते, जाऊ द्या. पुढच्या वेळी मात्र चिठ्ठीवर चार मुद्दे लिहून न्या: पुढची तारीख, वकील काय म्हणाला, औषधं, पैसे. जमिनीचा वाद, हप्ते, भावकीचं भांडण तिथे काढू नका. आतल्या माणसाला त्यातलं काहीही सोडवता येत नाही, आणि बराकीला संध्याकाळीच कुलूप लागलं की पुढची सगळी रात्र तेच डोक्यात फिरतं.

त्याऐवजी पत्र लिहा. कारागृहात ते वाचलं जातं, म्हणून केसबद्दल त्यात काही नको. पण गॅस कधी संपला, पोरीला गणितात किती पडले, गल्लीत पाणी किती वाजता येतं, हे लिहा. ते पुन्हा पुन्हा वाचलं जातं. ग्रंथालयात नाव घालायला, मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम बघायला सांगा. दिवसाला काहीतरी आकार लागतो.

पैसे मनीऑर्डरने बंद्याच्या खात्यात जमा होतात आणि कँटीनमध्ये वापरता येतात. त्याला मर्यादा असते. घर विकून पाठवायची गरज नाही.

जामीन मंजूर झाला, तरी आतच?

इथे सर्वाधिक कुटुंबं अडकतात. आदेश होतो, पण जामीनदार मिळत नाही किंवा रोख रक्कम जमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला स्पष्ट केलं: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ईमेलने जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभरात जातमुचलका भरता आला नाही, तर न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. म्हणजे आठव्या दिवशी प्राधिकरणात जाऊन विचारणं हा तुमचा हक्क आहे. केंद्राच्या गरीब कैदी योजनेतून जामिनासाठी आर्थिक मदतही मिळू शकते. अमली पदार्थ, यूएपीए, पीएमएलए आणि भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना मात्र ती नाही.

दुसरं, दिवस मोजा. तपास यंत्रणेने ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केलं नाही, तर जामिनाचा हक्क तयार होतो. पण अर्ज आरोपपत्र येण्याआधी करावा लागतो. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कधीच दोषी न ठरलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडायचं असतं. इतरांसाठी ही मुदत निम्मी आहे. उदाहरणार्थ, साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच अडकलेल्याला एक वर्ष. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असले तरीही नाही. न्यायालयाला अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची आहे. तरी कॅलेंडरवर तारीख तुम्हीच लिहून ठेवा, कारण हजारोंच्या गर्दीत एक नाव हरवायला वेळ लागत नाही.

सुटकेच्या दिवसाबद्दल एक गोष्ट. आर्थर रोडबाहेर जामिनाच्या कागदांसाठी एक पेटी असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये कागद वेळेत त्या पेटीत पोहोचले नाहीत, म्हणून शाहरुख खानच्या मुलाला आणखी एक रात्र आत काढावी लागली. त्याच्याकडे तर नामांकित वकिलांची फौज होती. तुम्ही पेटी उघडण्याची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आणि फाटकाशी कुणीतरी थांबा. बाहेर पडणाऱ्याकडे फोन नसतो, आणि बऱ्याचदा गाडीभाडंही नसतं.