गिझर विकताना तारेचीही चौकशी करा

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा तालुक्यात कितीतरी घरे नव्याने उभी राहिली. तेव्हाच्या वायरिंगला आता तीस वर्षे उलटली. ती करताना हिशेब दिव्यांचा, पंख्याचा आणि फार तर टीव्हीचा. आज त्याच तारेवर गिझर चढवला जातो, हे आम्हाला धोक्याचे वाटते.

२००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. दिव्याच्या बोर्डावरचे सॉकेट मात्र ६ अँपिअरचे. ते तापते, पिन काळी पडते. फ्यूज वारंवार उडू लागला की घरचे लोक त्यात जाड तार घालतात. मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली तार जळते.

अशा गिझरला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरची एमसीबी, डबल पोल स्विच आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. अर्थिंगची तार मोकळी सोडून देणाऱ्याला तर आम्ही कारागीर म्हणणारच नाही.

गिऱ्हाईक खर्चाला का-कू करते, हे खरे. वायरमन बांधव म्हणतात, 'आम्ही नाही म्हटले तर दुसरा करून देईल.' देऊ द्या! उद्या नळाला करंट आला तर लोक जोडणी करणाऱ्याचेच नाव घेतील. दुकानदारांनीही गिझरचे बिल फाडण्याआधी घरातली लाइन कशी आहे ते विचारावे. तार आणि एमसीबी त्यांच्याच फळीवर असते, म्हणजे विचारण्यात त्यांचे नुकसान काहीच नाही.