विश्लेषण : इंजिनाला थंड हवा हवी, की स्वच्छ?

पावसाळ्यात भिवपुरीच्या धबधब्याकडे वळणाऱ्या हौशी गाड्यांमध्ये ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवलेल्याही असतात. जास्त ताकद आणि दमदार आवाज हे त्याचे आकर्षण. पण कर्जत-खालापूर पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने पाणी आणि उरलेले महिने धूळ. अशा ठिकाणी हा बदल परवडतो का?

थंड हवेने खरेच फरक पडतो?

पडतो. हवा १० अंशांनी थंड झाली की साधारण ३ टक्के दाट होते आणि तेवढा जास्त प्राणवायू सिलिंडरमध्ये जातो. मात्र बहुतेक गाड्यांना बाहेरची हवा घेणारी नळी कंपनीनेच दिलेली असते, पुढच्या जाळीमागे, जरा उंचावर. उलट बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावला, की चारफाट्यावरच्या कोंडीत तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो. नाव थंड हवेचे, काम उलटे!

मग फिल्टर ‘मोकळा’ केला तर?

इथेच खरा धोका आहे. १२०० सीसीचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर पूर्ण ताकदीने चालले, तर मिनिटाला सुमारे १,८०० लिटर हवा ओढते. त्या हवेतली बारीक माती पॉलिश पेपरसारखी पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते. नुकसान लगेच दिसत नाही. काही वर्षांनी गाडी ऑइल खाऊ लागते, तेव्हा कळते.

वाट मोकळी करायची, तर फिल्टरची वीण सैल करण्यापेक्षा त्याचे क्षेत्रफळ वाढवणे शहाणपणाचे. कागदी फिल्टरला घड्या असतात त्या त्यासाठीच. तेल लावलेले कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, पण तेल जास्त झाले तर हवा मोजणारा सेन्सर खराब होऊ शकतो.

गॅरेजमध्ये जोरात हवा मारून कागदी फिल्टर साफ करण्याची सवयही वाईट. कागदाला न दिसणारी भोके पडतात. फिल्टर किंचित मळला म्हणून घाबरायचे कारण नाही, तो धूळ अधिक चांगली अडवतो. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत, तुंबलेल्या फिल्टरमुळे आधुनिक पेट्रोल गाड्यांचे मायलेज घटले नाही, वेग घेण्याची क्षमता मात्र कमी झाली. अर्थात धुळीच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्याने फिल्टर ठरलेल्या अंतराआधीच बदलावा.

आणि पाणी?

थंड हवेसाठी काही किटमध्ये नळीचे तोंड बंपरच्या मागे खाली नेतात. मुंबईच्या कोरड्या रस्त्यावर ते चालेल, पण भिवपुरीत भरलेल्या ओढ्यात नव्हे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. घोटभर पाण्यानेही कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा सेल्फ मारू नये. ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकने पाहीपर्यंत किल्ली फिरवू नये.