परिचयपत्रातील तीन रकाने

संगणकाचे शिक्षण घेणारा मुलगा किंवा मुलगी आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की हैदराबाद, शेवटचे वर्ष जवळ आले की या मुलांना नोकरीसाठी एक परिचयपत्र लिहावे लागते. कौशल्ये, छंद आणि ध्येय हे त्यातील तीन रकाने. पहिल्यात संगणकाच्या आठ-दहा भाषांची नावे येतात. दुसऱ्यात ‘वाचन, संगीत, क्रिकेट’ हे ठरावीक शब्द. तिसऱ्यात ‘नामांकित कंपनीत नोकरी’. वडिलांनी कर्ज काढून आणि आईने घरखर्चाला कात्री लावून जे शिक्षण दिले, त्याचे सार एवढेच असावे काय? या तीन रकान्यांचा आज थोडा विचार करू.

प्रथम कौशल्य. रागांची नावे पाठ असणे म्हणजे गाणे नव्हे; तद्वत् पायथॉन, जावा इत्यादी भाषांची यादी म्हणजे कौशल्य नव्हे. एक साधे उदाहरण घ्या. एखाद्या कचेरीसाठी लोकांची नावे भरून घेणारी आज्ञावली लिहायची आहे. ‘क्षमा’ या नावात आपल्या दृष्टीने अक्षरे दोनच. परंतु जगातील लिप्यांसाठी ठरलेल्या ‘युनिकोड’ या संकेतपद्धतीत त्याच्या पाच खुणा होतात: क, पाय मोडल्याची खूण, ष, म आणि काना. नावाची मर्यादा अशा खुणांवर मोजली, तर एखाद्या लांब नावातील जोडाक्षर मध्येच तुटते आणि कागदावर भलतेच नाव छापले जाते. दहा भाषा येणाऱ्याला हे सुचेलच असे नाही. ज्याने आपली आज्ञावली स्वतःच्या आजीचे नाव घालून एकदा तपासून पाहिली, त्याला ते निश्चित सुचेल.

प्रश्नाचे लहान लहान भाग पाडणे, दुसऱ्याने लिहिलेले वाचून समजून घेणे, चूक कोठे आहे हे न चिडता हुडकणे आणि आपण काय केले ते चार सोप्या वाक्यांत सांगणे, ही खरी कौशल्ये होत. अलीकडे सूचना देताच आज्ञावली लिहून देणारी यांत्रिक साधने आली आहेत. त्यामुळे ही कौशल्ये निरुपयोगी झाली नाहीत; उलट त्यांची गरज वाढली आहे. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे पारखण्याची जबाबदारी अखेर माणसावरच येते.

आता छंद. अभ्यास आणि छंद यांचे हाडवैर आहे, अशी पुष्कळ घरांत समजूत असते. इतिहास निराळे सांगतो. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केवळ हौस म्हणून एक संगणक-प्रणाली लिहावयास घेतली. तीच पुढे ‘लिनक्स’ झाली. आपल्या हातातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी आज तीच आहे. नेदरलंड्सच्या गिडो व्हान रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत विरंगुळा म्हणून आरंभलेली भाषा म्हणजे पायथॉन. आपल्याकडील र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार. अक्षरांचे वळण हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास. संगणकावर देवनागरी वाचताना ज्या ‘मंगल’ या अक्षरसंचाने लाखो लोकांची सोय झाली, तो त्यांनीच घडविला. लेखणी आणि शाईतून मिळालेले ज्ञान असे यंत्राच्या कामी आले.

प्रत्येक छंदातून लिनक्स निर्माण होत नाही, हे उघड आहे. परंतु कोणी गुण देणार नाही हे ठाऊक असूनही एखादी गोष्ट पुरी करण्याची चिकाटी छंदातूनच अंगी बाणते. मात्र दुसऱ्यांच्या चित्रफिती पाहत बसणे ही करमणूक झाली, छंद नव्हे. ज्यात आपल्या हातून काही घडते, तो छंद.

उरले ध्येय. कर्ज फेडायचे आहे, घराला हातभार लावायचा आहे, तेव्हा नोकरीची इच्छा धरण्यात काहीच कमीपणा नाही. परंतु नोकरी हे साधन आहे. ध्येय म्हणजे आपल्याला करावयाचे काम. बँकेतील व्यवहार सुरक्षित ठेवणे, रुग्णालयातील नोंदी चटकन सापडतील अशी व्यवस्था करणे, दृष्टिहीनांना मराठी मजकूर वाचून दाखविणारे साधन सुधारणे, यांपैकी एखादे काम मनाशी धरले, म्हणजे पुढे काय शिकायचे हे आपोआप ठरू लागते. कंपन्या उदयास येतात आणि लयास जातात, भाषाही जुन्या होतात. कामाशी जडलेले नाते तेवढ्याने तुटत नाही.

विद्यार्थिमित्रहो, परिचयपत्रातील भाषांची यादी निम्मी करा आणि त्या जागी स्वतः पुरी केलेली एक वस्तू लिहा. ती कोणाच्या उपयोगी पडली, तेही लिहा. पालकांनाही एक विनंती आहे. येत्या रविवारी मुलाला किंवा मुलीला म्हणा, “तू केलेले काहीतरी मला दाखव आणि ते कसे चालते ते सांग.” आपल्याला संगणकातले काही कळत नाही, हा संकोच नको. अनभिज्ञ माणसाला समजावून देता येणे हीच त्यांची खरी परीक्षा आहे. आणि घरात मुलगी शिकत असेल, तर हाक मारून कोणी मध्येच उठविणार नाही असे दोन तास तिला रोज मिळतात की नाही, हेही अवश्य पाहावे.