91 म्हणजे नेमके कोणते 91?

मा. पेट्रोलियम मंत्री, भारतीय मानक ब्युरोचे महासंचालक आणि सरकारी तेल कंपन्यांचे अध्यक्ष यांस,



आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. आज पत्र लिहितो आहे ते पेट्रोलच्या एका आकड्याबद्दल.

माझ्या एका विद्यार्थ्याचे साताऱ्यात गॅरेज आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे परदेशी बनावटीची मोटरसायकल आली. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढू लागली, की इंजिन टकटक करायचे. प्लग बदलून झाले, कार्बन साफ करून झाला, फरक पडेना. मालकाने इंटरनेटवरून उतरवलेल्या माहितीपुस्तिकेत ‘ऑक्टेन 91’ लिहिले होते आणि गाडीत आपले साधे 91चे पेट्रोलच होते. मग चूक कुठे? पुस्तिका अमेरिकेसाठी छापलेली होती. तिथले 91 वेगळे, आपले 91 वेगळे. 95चे पेट्रोल भरले आणि टकटक थांबली.

ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून भडकते, तीच ही टकटक, म्हणजे नॉकिंग. ते थोपवून धरण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आयसोऑक्टेनला 100 आणि हेप्टेनला शून्य धरून ती मोजतात. मोजायचे इंजिन एक सिलिंडरचे, पण पद्धती दोन. रिसर्च पद्धतीत ते मिनिटाला 600 फेऱ्यांवर चालते. मोटर पद्धतीत 900 फेऱ्यांवर चालते आणि मिश्रण तापवून आत सोडतात, त्यामुळे ही परीक्षा कडक. एकाच पेट्रोलचा मोटर आकडा म्हणून बराच खाली येतो. आपण, युरोप आणि जपान रिसर्च आकडा सांगतो. अमेरिका आणि कॅनडा दोन्हींची सरासरी सांगतात.

आपल्याच मानकाचा हिशेब करून पाहा. वीस टक्के इथेनॉल येण्यापूर्वी साध्या पेट्रोलला रिसर्च 91 आणि मोटर 81 ही किमान मर्यादा होती. सरासरी 86. अमेरिकेत सर्रास मिळणारे साधे पेट्रोल 87चे. म्हणजे ज्यांची मुले तिकडे आहेत ते ‘तिकडे 87, आपल्याकडे 91, आपलेच भारी’ असे म्हणतात, त्यात तथ्य नाही. पण हा गैरसमज कुणाचे इंजिन बिघडवत नाही. एकाच आकड्याखाली दोन वेगळी पेट्रोल असतात, तेव्हा मात्र इंजिन मार खाते. नॉक सेन्सर असलेली गाडी ठिणगीची वेळ मागे घेऊन स्वतःला सांभाळते, ताकद आणि अॅव्हरेज गमावून. आपल्याकडच्या जुन्या दुचाक्यांना तेवढाही आधार नाही.

अमेरिकेत पंपावर पिवळी पट्टी लावणे नियमानेच बंधनकारक आहे. तिच्यावर ठळक काळा आकडा असतो आणि तो कोणत्या पद्धतीने काढला तेही छापलेले असते. युरोपात 2018च्या ऑक्टोबरपासून नोझलवर आणि नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणाजवळ वर्तुळात ई-5, ई-10 असे इथेनॉलचे प्रमाण लिहितात. मी ज्या पंपांवर पेट्रोल भरतो, तिथे महागड्या पेट्रोलचा आकडा मोठ्या अक्षरांत झळकतो आणि साध्या पेट्रोलच्या यंत्रावर नुसते ‘पेट्रोल’. बहुतेक माणसे साधेच भरतात. त्यांच्या वाट्याला आकडाच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून पंपावर आकडा लिहिणे अधिकच गरजेचे झाले आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने काढलेल्या निवेदनात इथेनॉलचे ऑक्टेन 108.5 आणि पेट्रोलचे 84.4 असे दिले होते. त्याच निवेदनात पूर्वीचे पेट्रोल 88, नंतरचे 91 आणि इथेनॉल मिसळल्यावर 95 असेही होते. 84.4 आणि 91 यांचा मेळ सामान्य वाचकाने कसा घालावा? शिवाय ऑक्टेन वाढले म्हणजे ताकद वाढली, असे लोक समजतात. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ऑक्टेन वर आणि अॅव्हरेज खाली, हे एकाच वेळी घडू शकते. हे आपणच लोकांना सरळ सांगितले पाहिजे, नाहीतर टाकी लवकर रिकामी झाली की गिऱ्हाईक मेकॅनिकवर डाफरते.

माझे मागणे एका पट्टीचे आहे. प्रत्येक नोझलशेजारी, साध्या पेट्रोललाही, मराठीत लिहा: रिसर्च ऑक्टेन इतके, मोटर ऑक्टेन इतके, इथेनॉल इतके टक्के. गाडीच्या टाकीच्या झाकणावर आणि पुस्तिकेत आकड्यापुढे पद्धतीचे नाव छापणे कंपन्यांना बंधनकारक करा. आणि आयटीआयच्या पुस्तकात दोन्ही पद्धतींचे एक कोष्टक घाला. ते मी इतकी वर्षे दरसाल खडूने फळ्यावर काढत आलो.

आपला विश्वासू,
मोटर मेकॅनिक ट्रेडचा एक निवृत्त निदेशक,
सातारा