निकाल आधीं, कौल मागाहून

एखाद्याचा सल्ला न विचारणें हा उद्धटपणा होय. परंतु सल्ला विचारावा, तो आदरानें ऐकून घ्यावा, आणि अखेरीस आधींच ठरविलें होतें तेंच करावें, हा त्याहून मोठा अपमान होय. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांवर आमचा आक्षेप आहे तो नेमका हाच.

ज्यांच्या घरीं मुलें हे खेळ खेळतात, परंतु ज्यांनीं ते स्वतः पाहिले नाहींत, अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. या खेळांत राक्षस मारणें हें गौण असतें. एका पात्राची भूमिका घ्यावयाची, त्याच्या तोंडीं कोणतें उत्तर घालावें, कोणाचा पक्ष धरावा, कोणास जीवदान द्यावें हें खेळणारानें ठरवावयाचें, आणि त्या निर्णयानें कथेला वळण लागावयाचें, असा त्यांचा दावा असतो. कादंबरीपाशीं किंवा नाटकापाशीं नसलेलें असें हें एकच सामर्थ्य या नव्या कलेपाशीं आहे. तेंच लटकें ठरलें तर उरतें काय?

कॅनडांतील बायोवेअर या संस्थेचा, मार्च २०११ मध्यें निघालेला 'ड्रॅगन एज २' हा खेळ घ्या. कर्कवॉल नगरींत मांत्रिकांना कोंडून ठेवितात, आणि टेंप्लर नांवाचे सशस्त्र धर्मरक्षक त्यांजवर पहारा करितात. मांत्रिकांना मोकळें सोडावें तर त्यांच्या अंगांत पिशाच्च संचरण्याचें भय; कोंडावें तर उघड अन्याय. या भांडणांत हॉक हा नायक वर्षानुवर्षें पोळून निघतो, आणि शेवटीं खेळणारास विचारण्यांत येतें, "तूं कोणाच्या बाजूचा?" विचारी मनुष्य येथें खरोखर थबकतो. पण पुढें होतें काय? मांत्रिकांचा पक्ष घ्या, तरी त्यांचा मुख्य ऑर्सिनो निषिद्ध रक्तविद्येनें अक्राळविक्राळ रूप धारण करून तुमच्याच अंगावर येतो. टेंप्लरांचा पक्ष घ्या, तरी त्यांची सेनानी मेरेडिथ तुमच्यावरच तलवार उपसते. कोणत्याही वाटेनें जा, दोघांशींही लढणें अटळ! पळसाला पानें तीनच, हें आधीं ठाऊक असतें तर इतकें रान कोणी तुडविलें असतें?

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक फांटा निराळा लिहावा, चितारावा व नटांकडून वदवून घ्यावा लागतो, आणि पुष्कळांच्या तो दृष्टीसही पडत नाहीं. हें खरें आहे. शिवाय नोव्हेंबर २००९ मधील पहिल्या खेळानंतर हा दुसरा अवघ्या १६ महिन्यांत बाहेर पडला. परंतु त्याच वर्षीं मे महिन्यांत पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेनें 'द विचर २' प्रसिद्ध केला. त्यांत पहिल्या भागाच्या अखेरीस रोश किंवा योर्वेथ यांपैकीं एकाची साथ धरावी लागते. एक वाट हेन्सेल्ट राजाच्या छावणींत नेते, दुसरी वेर्गेन नगरांत. एकानें पाहिलेलें दुसऱ्यास दिसत नाहीं. फार कशाला, खुद्द 'ड्रॅगन एज २' मध्येंही एके ठिकाणीं हें साधलें आहे. हॉक स्वतः मांत्रिक नसला तर त्याची बहीण बेथनी मांत्रिक असते. भूगर्भांतील मोहिमेवर निघतांना तिला घरीं ठेविलें, तर टेंप्लर तिला धरून नेतात. बरोबर नेलें, तर तिला घातक रोग जडतो. अँडर्स हा वैद्य संगतीस असेल तरच ती वांचते, आणि तीही भावापासून दुरावून. हें ज्यांना साधलें, त्यांनीं शेवटच्या प्रश्नास असमर्थतेची सबब सांगूं नये.

दुसरा बचाव नियतीचा. मनुष्याच्या प्रयत्नांनीं सर्वच टळतें असें थोडेंच आहे? नाहीं खरें. हॉकच्या आईचा खून टळत नाहीं, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तिला वांचवावें कीं नाहीं, असें आम्हांस कोणी विचारलेलें नाहीं. महाभारतांतील युद्धही टळलें नाहीं. परंतु निःशस्त्र कृष्ण हवा कीं त्याची सेना, असें विचारल्यावर अर्जुनानें कृष्ण मागितला, दुर्योधन सेना मिळाली म्हणून संतोषला, आणि अठराही दिवस त्या निवडीचें फळ दोघांना भोगावें लागलें. व्यासांनीं नियतीही राखली आणि दिलेला शब्दही राखला.

बायोवेअरनें मात्र पुढेंही बोध घेतलेला दिसत नाहीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें आलेल्या या मालिकेच्या चौथ्या खेळांत, पूर्वींच्या तिन्ही खेळांतील असंख्य निर्णयांपैकीं केवळ तीनच विचारांत घेतले गेले. तेही एकट्या तिसऱ्यांतील.

"खेळच तो, एवढें काय मनावर घ्यावयाचें?" असें म्हणून हें सोडून देणें बरें नव्हे. आजच्या तरुणांचे कित्येक तास या कथांत जातात, आणि न्याय-अन्यायाचा तोल हातीं घेण्याचा पहिला अनुभव कित्येकांना तेथेंच येतो. ज्याला वारंवार विचारलें जातें आणि ज्याचें कधींच मानलें जात नाहीं, तो हळूहळू विचार करणेंच सोडून देतो व समोर दिसेल तें उत्तर दाबून पुढें सरकतो. कलेनें माणसाला लावूं नये अशी ही संवय आहे. या कर्त्यांना आमचें सांगणें एवढेंच: प्रश्न शंभर नकोत, एकच विचारा, पण त्याच्या उत्तरानें स्वतःला बांधून घ्या. तें झेपत नसेल, तर सरळ गोष्ट सांगा. आम्ही ती मुकाट्यानें ऐकूं.